तिथी पाहून समुद्राकडे

नवी दिल्ली स्थानकाच्या फलाटावरील पिवळ्या पाटीवर, स्थानकाच्या नावाखाली, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती सुमारे 215 मीटर आहे. आणि रोज सहस्रावधी माणसे त्या पाटीखालून जात असली, तरी ज्या समुद्राच्या पातळीवरून हा आकडा निघाला त्या समुद्राशी आपल्या शहराचा काही संबंध आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक देशाच्या किनाऱ्यांवरील नऊ बंदरांत वर्षानुवर्षे भरती-ओहोटी मोजून आणि तिची सरासरी काढून 1909 मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने जो पाया कायम केला, त्यावरच आपल्याकडील असल्या उंचीच्या मोजण्या उभ्या राहिल्या. म्हणजे भरती-ओहोटी दिल्लीच्या सरकारी दफ्तरात केव्हाच रुजू झालेली आहे. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या अनुभवात मात्र ती अद्याप रुजू व्हायची आहे. ती कशी व्हावी, आणि तीही किनाऱ्यावर एक पैसा न मोजता, यासंबंधी चार गोष्टी सांगण्याचा येथे विचार आहे.

राजधानीतील मराठी वस्ती आजकालची नव्हे. पहाडगंजातील नूतन मराठी शाळेच्या आणि करोलबागेच्या आसऱ्याने वाढलेल्या जुन्या घरांपासून नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद येथील गगनचुंबी इमारतींत नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या नव्या कुटुंबांपर्यंत तिचा विस्तार झालेला आहे. आणि यांपैकी कित्येकांचे आजोळ, कुलदैवत किंवा निदान एखादी आत्या कोकणात आहे. पण शहरात मुलांना करमणूक म्हणजे मॉलमधल्या खेळघरात तासाच्या हिशेबाने पैसे भरून मिळणारी वस्तू, हा जो शिरस्ता पडला आहे, तो सुटीत समुद्रकाठी गेल्यावरही सुटत नाही. तेथेही मग पॅरासेलिंग, बनाना बोट, जेट स्की यांचे दरपत्रक प्रथम पाहिले जाते, चौघांच्या कुटुंबाचा हिशेब मांडला जातो, आणि दीड तासात सारे आटोपल्यावर 'आता काय करायचे?' हा प्रश्न उरतो. त्या खेळांना माझा विरोध नाही. परंतु ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला, त्याला तो पाठीवरून वेगाने ओलांडायला लावण्यापूर्वी त्याच्या काठाशी निवांत बसू द्यावे, एवढे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

उदाहरणादाखल रत्नागिरी घेतो, कारण दिल्लीकरांना ती वाटते तितकी दूर नाही. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाली तेव्हापासून हजरत निजामुद्दीनला मंगला एक्स्प्रेसमध्ये बसावे, एक रात्र गाडीत काढावी आणि दुसऱ्या दिवशी गाडी न बदलता रत्नागिरीस उतरावे, इतका हा प्रवास सरळ झालेला आहे. प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च ज्याचा त्याला करावा लागतोच. पण पुढे जे सांगणार आहे त्याला पैशांऐवजी वेळेची अचूकता लागते, आणि ती साधण्याचे साधन बहुतेक मराठी घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले असते.

मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेले 'कालनिर्णय' किंवा कोणतेही पंचांग उघडावे आणि ज्या दिवशी किनाऱ्यावर जायचे त्या दिवसाची तिथी पाहावी. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा कोकणातील दर्यावर्दी लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. पंचमीला भरती पावणेचार वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. आणि हीच वेळ दिवसाचीही व रात्रीचीही, कारण भरती अहोरात्रात दोनदा येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. स्थळपरत्वे अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण कुटुंबाच्या फेरफटक्यासाठी एवढी अचूकता पुष्कळ झाली.

हा हिशेब मुलांसमोर गाडीतच मांडावा, कारण त्यामागचे कारण शाळकरी गणिताने उलगडते. चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी सरते. पूर्ण वर्तुळाचे 360 अंश म्हणजे 24 तास धरले, तर 12 अंशांची 48 मिनिटे होतात, आणि तेवढ्याच उशिराने चंद्र व त्याच्यामागून भरती रोज पुढे सरकते. 48 मिनिटांचा पाऊण तास करून जुन्या लोकांनी तोंडी हिशेब सोपा केला. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन समुद्राला उधाण येते, म्हणजे पाणी फार वर चढते आणि तितकेच दूर मागे हटते; अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ परस्परांना छेद देते आणि पाण्याची हालचाल मंदावते, तिला भांग म्हणतात. यावरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. पौर्णिमा किंवा अमावस्येपासून तृतीयेपर्यंतचे दिवस निवडले, तर ओहोटी सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी लागते, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पुळण, म्हणजे काठची वाळू, दूरवर उघडी पडते. दिल्लीहून तिकिटे काढताना शनिवार-रविवार पाहण्याऐवजी हे चार दिवस पाहावेत.

अशा सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर, जेथे काजळी नदी खाडीवाटे समुद्राला मिळते आणि मागे सुरूचे बन उभे आहे, पाणी नुकतेच ओसरलेल्या ओल्या वाळूवर मुलांना बसवावे आणि पाच मिनिटे हलू देऊ नये. प्रथम काहीच दिसत नाही. मग वाळूत शिसपेन्सिलीच्या जाडीचे एक छिद्र दिसते, त्यातून वाटाण्याएवढा, वाळूच्याच रंगाचा खेकडा डोळे वर काढून चाहूल घेतो, आणि धोका नाही अशी खात्री पटताच बाहेर येऊन दोन्ही नांग्यांनी भराभर वाळू तोंडाकडे नेऊ लागतो. त्या वाळूवर चिकटलेला सूक्ष्म सेंद्रिय अंश तेवढा तो गाळून खातो आणि उरलेल्या निःसत्त्व वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतो. मग एक पाऊल पुढे, पुन्हा एक गोळी. बिळापासून बाहेर जाणारी एक रेघ संपली की तो परत येऊन दुसऱ्या दिशेने काम सुरू करतो, आणि अर्ध्या तासात बिळाभोवती गोळ्यांची किरणे पसरलेली अशी काही रांगोळी तयार होते की घरातली मोठी माणसेही खाली वाकून पाहू लागतात. भरतीचे पहिले पाणी येण्यापूर्वी तो बिळात शिरून दार बंद करून घेतो. माणसाची सावली पडली तरी तो नाहीसा होतो. म्हणून ज्याला हे पाहायचे त्याने स्थिर बसायला शिकले पाहिजे, आणि मोबाइलच्या पडद्याला सवकलेल्या आपल्या मुलांना हे शिकविणारा दुसरा गुरू मला तरी ठाऊक नाही.

खडकाळ किनारा मिळाला, तर ओहोटीच्या वेळी कातळाच्या खळग्यांत अडकून राहिलेल्या पाण्यात याहून मोठे जग असते: रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे, स्पर्श होताच पाकळ्या मिटून घेणारी समुद्रफुले, दगडाला घट्ट धरून बसलेली कालवे. हे सारे पाहावे, मोजावे, वहीत चितारावे; पण जिवंत काहीही उचलून आणू नये. रिकामे शंखसुद्धा मूठभर पुरेत, कारण तीच पुढच्या खेकड्याची घरे आहेत, आणि काही जातींच्या शंखांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे.

दुसरी एक वस्तू दिल्लीहून निघताना आठवणीने बरोबर घ्यावी, ती म्हणजे लोहचुंबकाचा तुकडा. रत्नागिरीत काळा समुद्र आणि पांढरा समुद्र अशी नावे लोकांच्या तोंडी आहेत. मांडवीच्या बाजूची वाळू काळसर आहे. चुंबक कागदात गुंडाळून त्या कोरड्या वाळूतून फिरवला की काळ्या कणांचे केस त्याच्या टोकाशी उभे राहतात, आणि कागद बाजूला करताच ते गळून पडतात. सह्याद्रीचा काळा कातळ सहस्रावधी वर्षे झिजून नद्यांवाटे समुद्रात येतो, लाटा त्यातले हलके कण वाहून नेतात आणि लोहयुक्त जड कण काठाशी निवडून ठेवतात. या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचे जे खनिज आहे त्यापासून टायटॅनियम डायऑक्साइड तयार होतो, आणि आपल्या घरांच्या भिंतींना लावण्याच्या शुभ्र रंगाला शुभ्रपणा येतो तो मुख्यत्वे त्याच्यामुळे. काळ्याकुट्ट वाळूतून पांढरा रंग निघतो हे ऐकून मूल जो प्रश्न विचारील, त्याचे उत्तर देण्याची तयारी मात्र आईवडिलांनी ठेवावी.

हे सर्व विनामूल्य आहे, ते कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधील भूमी कोणा एकाची मालमत्ता होऊ नये, ही भावना फार प्राचीन आहे. रोमन कायद्यात वायू, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रतट ही सर्वांच्या समाईक वहिवाटीची मानलेली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या डिसेंबरात बियास नदीकाठच्या एका खटल्याचा निकाल देताना हेच तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे सांगितले आणि सरकार हे अशा संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे असे बजावले. त्याआधी केंद्र सरकारच्या 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आणला होताच. पुढे 2011 व 2019 मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आणि काही निर्बंध सैल झाले, याची खंत वाटते. हॉटेलच्या खुर्च्या वाळूवर मांडलेल्या दिसल्या म्हणजे पलीकडे जाण्याची मनाई आहे असे समजून परत फिरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. किनारा त्यांचाही आहे, हे त्यांना कोणी तरी सांगायला हवे.

समुद्राची दुसरी बाजू पाहण्यासाठी मिरकरवाडा बंदरावर जावे. दिल्लीत आय. एन. ए. बाजारात किंवा चित्तरंजन पार्कात बर्फावर निजलेली मासळी पाहिलेल्या मुलांना, ती जिवंत समुद्रातून काढणारी माणसे असतात, हे येथे प्रथम कळते. होड्या लागल्या की टोपल्या धक्क्यावर येतात, माल ओतला जातो, लिलाव पुकारणारा भराभर आकडे बोलू लागतो, आणि खारवी, गाबीत, दालदी अशा कित्येक पिढ्या दर्यावर जगलेल्या समाजांतील स्त्री-पुरुषांची लगबग उडते. सुरमई, सरंगा, बांगडा, तारली, म्हाकूळ, मोरी, सौंदाळा ही नावे मुलांनी ऐकावीत आणि मासा कोणता ते ओळखण्याची पैज लावावी. विकत काही घेतलेच पाहिजे असे नाही. एवढे मात्र पाळावे, की हा कोणाच्या तरी रोजीरोटीचा वेळ आहे; वाट अडवू नये, ओल्या धक्क्यावर मुलांचा हात सोडू नये, आणि छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. आदराने विचारले, तर जाळ्याचे आस, म्हणजे छिद्र, किती रुंद असावे आणि का, हे समजावून सांगणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तेथे भेटतो. किनाऱ्यावर कोठे रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल, तर दोराला हात लावायची परवानगी मागावी. ती बहुधा मिळते.

दुपारी ऊन कडक असते तेव्हा शहरात हिंडावे, आणि येथे दिल्लीकरांसाठी एक विशेष गोष्ट आहे. लाल किल्ला पाहिलेल्या मुलांना, शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी 1858 मध्ये दिल्लीहून रंगूनला पाठविले आणि 1862 मध्ये त्याचा तेथेच अंत झाला, हे ठाऊक असते. त्याच इंग्रजांनी ब्रह्मदेशाचे राज्य खालसा केल्यावर तेथील शेवटचा राजा थिबा याला 1886 मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले; खाडीकडे तोंड केलेल्या आपल्या राजवाड्यात तो अखेरची वर्षे राहिला आणि 1916 मध्ये येथेच मरण पावला. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात, ही अदलाबदल ज्या सत्तेने केली तिची नीती मुलांना समजावून सांगण्यासाठी राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटसारखी दुसरी जागा नाही. तेथे उभे राहून समोर खाडी, पलीकडे भाट्याचे सुरूबन आणि त्यापुढे समुद्र पाहावा. ज्याला राज्य सोडून तीस वर्षे हाच देखावा पाहत राहावे लागले, त्याचे दुःख इतिहासाच्या पुस्तकाबाहेर येऊन समजते. शहरातच टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. 1856 साली ते येथे जन्मले. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि टिळक ब्रिज स्थानकावरून रोज जाणाऱ्या मुलाला त्या नावामागची कौलारू, जांभ्या दगडाची वास्तू एकदा तरी दाखवावी.

शहराबाहेरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवर, आणखी एक नवल आहे. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू अशा गावांच्या जांभ्या कातळावर हत्ती, मासे, माणसे आणि आज अर्थ न लागणाऱ्या आकृत्या खोदलेल्या आहेत. त्या सहस्रावधी वर्षांपूर्वीच्या असाव्यात असा संशोधकांचा कयास आहे, आणि 2022 मध्ये कोकणातील या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की एका दृष्टीत तो मावत नाही. मुलांनी त्याच्या कडेकडेने चालूनच तो समजून घ्यावा, कोरलेल्या रेषांवर पाय मात्र देऊ नये.

रात्रीसाठीही काही राखून ठेवावे. दिल्लीच्या आकाशात धूर आणि दिवे यांतून जे चार तारे वाचतात तेवढेच आपल्या मुलांना परिचित असतात. परंतु दिल्लीच्या अक्षांशावरून क्षितिजाला जवळजवळ टेकलेला आणि म्हणून कधीच न दिसणारा त्रिशंकू रत्नागिरीहून मे महिन्यात रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेकडे, क्षितिजाच्या काहीसा वर, चार तेजस्वी ताऱ्यांच्या क्रुसासारखा स्पष्ट दिसतो. सुमारे साडेअकरा अंश दक्षिणेस प्रवास केल्याचा याहून सुंदर पुरावा नाही.

एका बाबतीत मात्र कठोर बोलणे भाग आहे. उत्तरेत वाढलेल्या माणसांना समुद्राची भीती नसते, कारण त्याची ओळख नसते. गणपतीपुळ्यास किनाऱ्याचा उतार एकदम खोल जातो, आणि ओहोटीच्या ओढीने तेथे आजवर अनेक पर्यटक बुडाले आहेत. देवदर्शन करावे, देवस्थानच्या डोंगराला समुद्राच्या कडेने प्रदक्षिणा घालावी, कवी केशवसुतांच्या मालगुंडास जाऊन यावे. पण पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊ नये, ओहोटी चालू असताना मुलांना लाटांत सोडू नये, आणि स्थानिक माणूस 'नको' म्हणाला की वाद घालू नये.

राहिला प्रश्न ऋतूचा. दिल्लीच्या शाळांना जानेवारीत थोडी सुटी असते आणि मोठी सुटी मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. जानेवारीत गेल्यास एक अधिक लाभ आहे: हिवाळ्यात दिल्लीच्या यमुना घाटावर ज्या कुरव पक्ष्यांना पाहायला आपण मुलांना नेतो, तेही उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आलेले पाहुणे असतात, आणि त्यांचेच भाईबंद त्या दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावर थव्यांनी बसलेले आढळतात. घाटावर लोक त्यांना शेव-फरसाण टाकतात, ते त्यांचे अन्न नव्हे. ओहोटीच्या काठाशी ते खरे काय वेचून खातात ते मुलांनी पाहावे, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात यमुनेवर फरसाणाची पुडी ती आपणच नाकारतील. मोठ्या सुटीत जायचे असेल, तर मेचा शेवटचा आठवडा उजाडण्यापूर्वी परत निघावे. त्यानंतर समुद्र खवळू लागतो. 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्याला ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि मिरकरवाड्याची ती गजबज ओसरलेली असते. तेव्हा सुटी लागताच निघावे, आणि तिकीट काढण्यापूर्वी भिंतीवरच्या पंचांगात अमावस्या कधी आहे ते पाहावे.